लढाईच्या पुनर्सादरीकरणात अस्सलपणाची हद्द कुठे आखावी?

शोधयात्री

ऐतिहासिक लढायांचे पुनर्सादरीकरण करणाऱ्या एका गटात मी अलीकडेच जाऊ लागलो आहे. आमच्या गटाचा काळ दहावे-अकरावे शतक आणि प्रदेश उत्तर युरोपचा. सध्या अंगरखा, ढाल, भाला असे सगळेच उसने घेऊन मी मागच्या रांगेत उभा राहतो. आता स्वतःचे सामान करून घ्यायचे ठरवले, तेव्हा लक्षात आले की अस्सलपणा कशाला म्हणायचे याविषयी गटात उघड दोन तट आहेत.

एका तटाचे म्हणणे असे, की दहा पावलांवरून पाहणाऱ्याला जे खटकत नाही ते चालवून घ्यावे. प्रेक्षक दोरीपलीकडे असतो, त्याला शिवण दिसत नाही, कापड कशाने रंगवले हे कळत नाही, आणि सुटीच्या दिवशी हौसेने येणाऱ्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. दुसरा तट म्हणतो, की आतली शिवणसुद्धा हाताचीच हवी, लोकर वनस्पतिजन्य रंगातली हवी, आणि ज्या वस्तूला उत्खननाचा, चित्राचा किंवा लेखी आधार नाही ती मैदानात आणूच नये.

यांपैकी कोणाची बाजू घ्यावी एवढाच माझा प्रश्न असता, तर मी गटातल्याच जुन्या मंडळींना विचारून मोकळा झालो असतो. मला टोचते ते वेगळेच. ज्या लढाईसाठी हा सगळा खल चालतो, ती लढाई मुळातच लुटुपुटूची असते. तलवारींना धार नसते, डोक्यावर वार करायला आमच्या गटात मनाई आहे, कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते आणि मेलेली माणसे टाळ्या वाजताच उठून उभी राहतात. मग धाग्याचा अस्सलपणा कोणासाठी आणि कशासाठी सांभाळायचा? शिवाय ज्या बाबतीत पुरावाच उरलेला नाही, तिथे काय करावे? अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कडीजोड

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. वस्तू खरी आहे का, हा एक. अशा अनेक वस्तू मिळून जे दृश्य उभे राहते ते खरे आहे का, हा दुसरा. आपल्या छंदातले बहुतेक वाद पहिल्यावर झडतात; पण माझ्या पाहण्यात खरी गफलत दुसऱ्यात होते, आणि ती कट्टर मंडळींच्या हातूनच जास्त होते.

नॉर्वेतील येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये सापडलेले, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेले दहाव्या शतकातील शिरस्त्राण घ्या. त्याच्या अस्सलपणाविषयी कोणाला शंका नाही. पण त्या काळातली, तुकडे जुळवून पूर्ण आकार समजेल अशी शिरस्त्राणे इतकी थोडी हाती लागली आहेत, की मोजायला एका हाताची बोटे पुरतात; त्यातही हे एका श्रीमंत माणसाच्या दफनातले, कड्यांच्या चिलखतासोबत ठेवलेले. तरीही पुनर्सादरीकरणाच्या रांगेत जिकडे पाहावे तिकडे तेच शिरस्त्राण दिसते. मुक्कामाच्या जागीही तीच तऱ्हा. इसवी सन ८३४ मधील नॉर्वेतल्याच ओसेबर्गच्या जहाज-दफनात पलंग आणि तंबूंचे सांगाडे सापडले. ते दफन राजघराण्याच्या तोलाचे. पण आपल्या छावण्यांत साधा भालाईतदेखील ओसेबर्गच्या पलंगावर झोपतो. प्रत्येक वस्तूमागे संग्रहालयातला क्रमांक दाखवता येतो आणि तरी सगळे सैन्य खोटे असते, कारण अपवादालाच आपण गणवेश करून टाकलेले असते. म्हणून सामान निवडताना ‘अशी वस्तू होती का?’ एवढेच विचारू नये. मी ज्याची भूमिका घेऊन उभा आहे त्या माणसाकडे ती असण्याचा संभव किती, हे विचारावे. आपण मागच्या रांगेतले भालाईत असाल, तर आपल्या कमरेला तलवार नसणे हाच अस्सलपणा.

आता शिवणीविषयी. आतली शिवण यंत्राची असली तर आकाश कोसळत नाही, असे माझे मत आहे. बाहेर दिसणारे टाके, गळा, बाह्यांच्या कडा मात्र हाताने घालाव्यात. पण दहा पावलांचा नियम सांगणारे एक विसरतात, की दहा पावलांवरून टाका दिसत नसला तरी कापड कसे बेतले आहे ते दिसते. हातमागावर विणलेली लोकर त्या काळात फार मोलाची होती, त्यामुळे अंगरखा चौकोनी तुकड्यांचा आणि खाली घेर देणाऱ्या त्रिकोणी कळ्यांचा असे, म्हणजे कापड वाया जात नसे. आजच्या शर्टाचा नमुना घेऊन त्यावर नक्षीची पट्टी शिवली, तर खांदा वेगळा बसतो, हात वर उचलताना सगळा अंगरखा ओढला जातो, आणि प्रेक्षकाला काय चुकले हे सांगता आले नाही तरी माणूस वेशभूषा स्पर्धेतला वाटतो. कापडाचेही तसेच. जाड, दाट लोकर खाली पडते तशी पॉलिएस्टर पडत नाही.

रंगाच्या बाबतीत कट्टर मंडळींशी मी निम्मा सहमत आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला तो १८५६ मध्ये. आपल्या काळात इंग्लंडमधील यॉर्कसारख्या ठिकाणी मंजिष्ठेच्या जातीची मुळे लालसर छटेसाठी आणि वोड नावाची वनस्पती निळ्यासाठी वापरत. यॉर्कमधल्या कॉपरगेट येथील उत्खननात त्यांचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे रंग होते, आणि सगळे जग मातकट होते हा समज चुकीचा आहे. पण रासायनिक रंगात त्या छटेच्या जवळ जाणारी लोकर मिळत असेल, तर मी ती घ्यायला सांगेन. रंग कशाने दिला यापेक्षा तो कोणत्या छटेचा आहे आणि रांगेतल्या सगळ्यांचा एकसारखा तर नाही ना, हे पाहणे मोलाचे. घरोघरी वेगवेगळ्या हातांनी रंगवलेल्या कापडात कधी एकसारखेपणा नसतो.

जिथे पुरावा नाही तिथे काय करावे, या प्रश्नाआधी पुरावा टिकला कशामुळे हे समजून घ्यावे. त्या काळच्या उत्तरेकडील दफनांत स्त्रियांच्या वस्त्रांचे तुकडे तुलनेने बरे टिकले आहेत, कारण खांद्यावरच्या मोठ्या धातूच्या पिनांना ते चिकटून राहिले आणि धातूच्या गंजाने कापड कुजण्यापासून वाचवले. पुरुषांच्या अंगावर अशा पिना नव्हत्या, म्हणून पुरुषाच्या आतल्या सदऱ्याचा गळा कसा होता याचे उत्तर बरेचसे अनुमानाचे आहे. अशा वेळी शेजारच्या प्रदेशातला, त्याच पन्नास वर्षांतला नमुना घ्यावा. दोन शक्यतांपैकी जी कमी नजरेत भरते ती निवडावी. आणि कोणी विचारले तर ‘हे अनुमान आहे’ असे न संकोचता सांगावे. अनुमान करण्यात काही गैर नाही. ते पुराव्याच्या थाटात मिरवणे गैर आहे.

बारूदखाना

माझा काळ आपल्यापेक्षा सहा-सात शतकांनी पुढचा, त्यामुळे बटणे आणि बंदुका या माझ्या डोकेदुखी. तरीही ‘लढाईच खोटी, मग कपडे खरे कशाला’ या मुद्द्यावर लिहावेसे वाटते, कारण सुरक्षेसाठी केलेली तडजोड नेमकी कुठे काय बिघडवते हे आमच्याकडे फार स्पष्ट दिसते.

चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीचे पाहा. शिकलेला पायदळ सैनिक मिनिटाला दोन-तीन बार काढी. त्यात बराच वेळ जाई तो गोळी आणि कागद गजाने नळीत ठासण्यात. आम्ही मैदानात गज बाहेरच काढत नाही, कारण घाईत तो नळीत विसरला तर बारासोबत बाणासारखा सुटतो. गोळी नसतेच, दारू नळीत ओतायची आणि बार काढायचा. परिणाम असा, की आमची पलटण खऱ्या पलटणीपेक्षा भराभर बार काढते, आणि बार मोकळा असल्यामुळे खांद्याला धक्काही नाममात्र बसतो. नळ्या समोरच्या माणसांच्या डोक्यांवरून रोखलेल्या असतात, त्यामुळे नेम धरलेली रांग कशी दिसत असेल हेही प्रेक्षकाला कळत नाही. एक नियम पाळला आणि लढाईचा वेग, आवाज, अंगस्थिती अशा तिन्ही गोष्टी बदलल्या. तो नियम बदलावा असे मी चुकूनही म्हणणार नाही.

सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धाचे प्रयोग करणारे गटही हाच अनुभव सांगतील. त्या युद्धातला पायदळी भाला सुमारे १६ फुटांचा. असे भाले आडवे धरून दोन तुकड्या एकमेकींवर खरोखर चालून गेल्या, तर पहिल्या रांगेतले डोळे गमावतील. म्हणून पुष्कळ वेळा भाले वर उभे धरतात आणि माणसे खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. बघायला थरारक, करायला त्याहून मजेचे. पण त्यावरून खऱ्या भालाईतांची झुंज कशी होती याचे अनुमान काढू नये.

मग कपड्यांचा अट्टहास का? एक कारण अगदी रोकडे आहे. काळ्या दारूच्या ठिणग्या उडतात, तोड्याच्या बंदुकीची वात दोन्ही टोकांनी पेटलेली असते, रात्री शेकोटी असते. लोकर ठिणगीने काळी पडते आणि विझते. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. दहा पावलांच्या नियमाने पॉलिएस्टरचा कोट चालवून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसरे कारण असे, की जिथे खोटेपणा अटळ नाही तिथे तो का पत्करावा? धार काढून टाकावीच लागते. प्लास्टिकचे बटण लावावेच लागते असे कोणी सांगितले?

आणि कपडे कधीकधी अशी माहिती देतात जी लढाई देऊ शकत नाही. ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायाचा लाल कोट मंजिष्ठेचा, विटकरी छटेचा असे. अधिकाऱ्याचा किरमिजी किड्याच्या रंगाचा, झळझळीत. दुरून पाहणाऱ्या शत्रूच्या नेमबाजालाही कोण कोण आहे ते कळत असणार. आमच्या गटात सगळे कोट एकाच ठाणातून शिवले होते, तोवर ही गोष्ट कोणाच्या मनातही आली नव्हती.

जाता जाता संख्येविषयी. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या द्विशताब्दीला पाच हजारांहून अधिक हौशी सैनिक आणि सुमारे ३०० घोडे जमले होते, आणि या छंदाच्या मानाने ते अवाढव्यच. मूळ लढाईत दोन्ही बाजू मिळून दीड लाखांहून अधिक माणसे होती. ही तफावत कितीही बटणे हाताने शिवली तरी भरून निघत नाही, म्हणून तिची खंत करण्यात वेळ घालवू नये.

परखड

वरील दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे गटात माणसे येतच राहणार. प्रत्यक्षात नवा माणूस येतो, पहिल्याच दिवशी त्याच्या जोड्यांवर, चष्म्यावर, पाण्याच्या बाटलीवर शेरे मारले जातात आणि तो पुन्हा दिसत नाही. असे शेरे मारणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ उत्खनन-अहवाल उघडून पाहिलेला असतो? बहुतेकांचे ज्ञान दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या माणसाने केलेल्या वस्तूच्या छायाचित्रावरून आलेले असते. नक्कल करणाऱ्याची नक्कल करत एखादी चूक वीस वर्षे फिरत राहते आणि शेवटी तीच परंपरा ठरते.

शिवाय ‘अस्सल’ म्हणून ज्याची शपथ घेतो तेही बदलत असते. रोमन सैनिकाचे पट्ट्यापट्ट्यांचे चिलखत घ्या. १९६४ मध्ये इंग्लंडमधील कॉर्ब्रिज येथे पेटीत ठेवलेले भाग सापडले, तेव्हा कुठे त्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि आतले चामडे एकमेकांना कसे जोडलेले होते याचा नीट उलगडा झाला. त्याआधी विद्वानांनी केलेल्या प्रतिकृतीही चुकलेल्या होत्या. तेव्हा आज जे मैदानातून हाकलण्याइतके चूक वाटते, त्याविषयी थोडी नम्रता बाळगलेली बरी.

माझा नियम साधा आहे. पहिल्या वर्षी माणसाला कवायत, आज्ञा आणि सुरक्षा शिकवा. सामान उसने द्या. वस्तूंचा आग्रह दुसऱ्या वर्षापासून धरा. वस्तू विकत घेता येते, रांगेत शेजाऱ्याला सांभाळून उभे राहणे विकत घेता येत नाही.

अस्थिलेख

मी या छंदात हाडांच्या बाजूने आले, म्हणजे लढायांच्या सामूहिक दफनांवरचे अहवाल वाचता वाचता. त्यामुळे ‘लढाईचा अस्सलपणा’ म्हटले की मला जखमा आठवतात, आणि शोधयात्री यांच्या डोक्यावर वार न करण्याच्या नियमाकडे मी त्या नजरेने पाहते.

इंग्लंडमधील १४६१ च्या टॉटनच्या लढाईतील एक सामूहिक दफन १९९६ मध्ये बांधकाम चालू असताना उघडे पडले. तिथल्या जवळजवळ प्रत्येक कवटीवर जखमा होत्या, कित्येकांवर एकाहून अधिक. आजच्या स्वीडनमधील गोटलंड बेटावरील विस्बी येथे १३६१ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने स्थानिक शेतकऱ्यांची फौज कापून काढली. तिथे उत्खननात हजाराहून अधिक माणसांची हाडे मिळाली, आणि त्यांत पायाच्या नडगीवर बसलेले घाव ठळकपणे दिसतात. शरीर ढालीमागे आणि चिलखतात असते, पाय उघडे राहतात, हे त्याचे एक सरळ कारण. पुनर्सादरीकरणात डोके आणि गुडघ्याखालचा पाय हेच भाग अनेक गटांत वर्ज्य असतात. म्हणजे जिथे माणसे खरोखर मारली गेली, नेमके तेच भाग आपण नकाशावरून पुसतो, आणि उरलेल्या धडावर मोजून-मापून ठोके देतो. याचा परिणाम पवित्र्यावरही होतो: डोक्याला धोका नाही हे अंगवळणी पडले, की ढाल हळूहळू खाली येते. असे लढणारे कोणी टॉटनला फार वेळ टिकले नसते.

हे लिहिण्यामागे नियम मोडावेत असा हेतू नाही. मात्र लढाई संपल्यावर निवेदकाने या दोन वाक्यांची भर घालायला काय हरकत आहे, की ‘आम्ही डोक्यावर वार करत नाही, प्रत्यक्षात बहुतेक प्राणघातक वार तिथेच बसत’? प्रेक्षक त्यामुळे निराश होत नाहीत. मी तर पाहिले आहे, की या वाक्यानंतरच लोक दोरीजवळ येऊन प्रश्न विचारू लागतात.

दुसरा मुद्दा माणसांचा. आपण धाग्यावर वाद घालतो, पण तो धागा अंगावर घालणारी व्यक्ती कोण असावी याविषयी अस्सलपणाचा निकष फार सोयीने वापरतो. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकाचे सरासरी वय २६ च्या आसपास आणि वजन साधारण ६५ किलो होते. पन्नाशी ओलांडलेल्या, सुखवस्तू अंगाच्या हौशी सैनिकाला या आकड्यांच्या आधारे कोणी मैदानाबाहेर काढल्याचे मी ऐकलेले नाही. पण १९८९ मध्ये त्याच युद्धातील अँटिटमच्या रणभूमीवरील कार्यक्रमात पुरुष सैनिकाच्या वेशात आलेल्या एका स्त्रीला, ती स्त्री आहे हे लक्षात येताच, अस्सलपणाच्याच नावाखाली मनाई करण्यात आली. ती न्यायालयात गेली आणि १९९३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. गंमत अशी, की त्या युद्धात पुरुषवेशाने लढलेल्या स्त्रियांची नोंद आहे. अल्बर्ट कॅशियर या नावाने इलिनॉयच्या ९५ व्या पायदळ तुकडीत १८६२ ते १८६५ अशी पूर्ण सेवा केलेला सैनिक जन्माने जेनी हॉजर्स होता, आणि हे उघड व्हायला १९११ उजाडले. तेव्हा ज्या गटात स्त्री सैनिकाला ‘पुराव्याच्या’ अटी लावल्या जातात, तिथे त्याच अटी वयाला, पोटाच्या घेराला आणि चकचकीत दातांनाही लावाव्यात, मग पाहू रांगेत किती जण उरतात.

बारूदखाना

अस्थिलेख, पोटाच्या घेराचा शेरा मी निमूटपणे स्वीकारतो. निवेदकाविषयीची सूचना आमच्या गटासमोर मांडेन. गज न वापरण्याविषयीही असेच सांगता येईल. एक वाढीव अडचण मात्र नोंदवतो. प्रयोगाच्या सुरुवातीला कोणीच मरायला तयार नसतो, कारण हौसेने आलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला गवतात पडून राहायचे नसते. मग दोन रांगा वीस पावलांवरून बार काढत राहतात आणि कोणीच पडत नाही. बंदुकीच्या माऱ्याने माणसे पडतात, रांग विस्कळीत होते, मागचे पुढे सरकून भगदाड भरतात, ही त्या लढाईतली सर्वात महत्त्वाची गोष्ट दिसतच नाही. कोणी कितव्या बाराला पडायचे याच्या चिठ्ठ्या आधीच वाटणारे गट आहेत. ती पद्धत मला बटणांच्या तपासणीपेक्षा अधिक अस्सल वाटते.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. ‘अपवादालाच गणवेश करून टाकणे’ हा मुद्दा वाचल्यावर मी येर्मुंडबूच्या नमुन्याचे शिरस्त्राण मागवण्याचा बेत रद्द केला आहे. पण मग अडचण अशी, की सुरक्षेसाठी गटात शिरस्त्राण सक्तीचे आहे, आणि साध्या भालाइताकडे बहुधा ते नसे. तिथे काय करावे?

दुसरे असे, की अस्थिलेख यांचा प्रतिसाद वाचून मनात एक जुनी शंका पुन्हा आली. ज्या ठिकाणी माणसे खरोखर मेली, त्याच भूमीवर आपण हे करमणुकीसाठी करावे का? सामान कितीही अचूक असले तरी हा प्रश्न उरतोच ना?

परखड

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. हा प्रश्न आपल्याआधी सरकारी पातळीवर विचारला गेला आहे. १९६१ च्या जुलैत अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त मनॅसस येथील राष्ट्रीय रणभूमीवर पहिल्या बुल रनच्या लढाईचा मोठा प्रयोग झाला. गर्दी लोटली, आणि मृत्यूचा तमाशा मांडल्याबद्दल टीकाही भरपूर झाली. आज तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेचे धोरण असे आहे, की तिच्या ताब्यातील भूमीवर कवायत, छावणी, बार काढण्याचे प्रात्यक्षिक चालते. परंतु समोरासमोरच्या रांगांनी एकमेकांवर बार काढणे आणि माणसे पडल्याचे दाखवणे चालत नाही. कितीही अभ्यासपूर्वक केले तरी खऱ्या युद्धातली शोकांतिका अशा प्रयोगात उभी करता येत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. त्यामुळे मोठे प्रयोग शेजारच्या खासगी शेतांवर होतात. मला ही विभागणी योग्य वाटते.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आहे. इंग्लंडमधील ऑरग्रीव्ह येथे १८ जून १९८४ रोजी संपावरील खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. जेरेमी डेलर या कलावंताने २००१ मध्ये तिचे पुनर्सादरीकरण घडवले. त्यात सुमारे ८०० हौशी पुनर्सादरकर्ते होते आणि त्यांच्या जोडीला सुमारे २०० जुने खाणकामगार, त्यांतले कित्येक मूळ चकमकीत प्रत्यक्ष हजर असलेले. ज्यांच्या अंगावर तो दिवस गुदरला, तेच शेजारी उभे असताना हौशी माणूस खोटे वागू शकत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या मृतांपैकी कोणी येऊन आपल्याला टोकणार नाही, म्हणून आपण मोकळे सुटतो. आणि इतक्या जुन्या काळाविषयी मला स्वतःला फारसा संकोच वाटतही नाही. पण काळ जितका जवळचा, तितका हा प्रश्न जड होत जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी तुकड्यांचा गणवेश टाक्याटाक्याने अचूक शिवून आणणाऱ्या, पण त्या तुकड्यांनी काय केले याविषयी एक अक्षर न बोलणाऱ्या माणसाला मी अस्सल म्हणणार नाही.

कडीजोड

शिरस्त्राणाविषयी: सक्ती असेल तर ते घालावेच, त्यात चर्चा नको. शंकूच्या आकाराचे, नाकावर पट्टी असलेले साधे शिरस्त्राण घ्या. फ्रान्समधील बायो येथे जपलेल्या भरतकामाच्या पट्टीत १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतले दोन्ही बाजूंचे योद्धे तसेच दाखवले आहेत, त्यामुळे आपल्या काळाच्या उत्तरार्धात ते खटकत नाही. त्यावर नक्षी, पितळी कडा, काहीही नको. छावणीत आणि लोकांशी बोलताना ते काढून ठेवा व साधी लोकरी टोपी घाला, आणि इतक्या डोक्यांवर लोखंड दिसते ते आमच्या सुरक्षेच्या नियमामुळे, असे सांगा.

सामानाचा क्रम विचाराल तर सर्वात आधी जोडे करून घ्या. त्या काळचे जोडे उलटे शिवून मग सुलट केलेले असत आणि तळ गुळगुळीत चामड्याचा असे. ओल्या गवतावर ते सरकतात. म्हणून अनेक जण तळाला रबर चिकटवतात, आणि मग आजच्या खेळाडूसारखे पाय रोवून लढतात. चामड्याच्या तळावर माणूस आपोआप पावले आखूड टाकतो, वजन मधोमध ठेवतो. लढण्याची ढब पुस्तकात न वाचता पायांतून कळते. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५ मध्ये रोमन सैनिकांच्या संपूर्ण सामानासह एका तुकडीला इटलीतील व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून जर्मनीतील आउग्सबुर्गपर्यंत पायी नेले, ते अशाच प्रकारचे ज्ञान मिळवण्यासाठी. आपल्या प्रश्नातल्या ‘कोणासाठी’चे एक उत्तर इथे आहे: प्रेक्षकाला तळ दिसत नाही, पण तो घालणाऱ्याला त्यातून शिकायला मिळते. सराव मात्र आधी हळू गतीने करा. निसरड्या मैदानावर घसरून शेजाऱ्यावर पडण्याइतका अस्सलपणा कोणालाच नको असतो.

त्यानंतर ढाल. १८८० मध्ये नॉर्वेत गोकस्टाडच्या दफनातल्या जहाजासोबत ६४ ढाली मिळाल्या, पाइनच्या पातळ फळ्यांच्या, सुमारे ९४ सेंटिमीटर व्यासाच्या. आपण मैदानात वापरतो त्या बहुतेक ढाली प्लायवूडच्या असतात. प्लायवूड वर्षानुवर्षे टिकते, उभे चिरत नाही, आणि त्यामुळे ढाल हे तासाभरात फुटून जाऊ शकणारे हत्यार होते ही जाणीवच लढणाऱ्याला राहत नाही. सुरक्षेसाठी आणि खर्चासाठी प्लायवूडच घ्या, मी विरोध करणार नाही. समोरून लिननचे कापड चिकटवून रंग द्या आणि कडेने चामडे शिवा. त्याखेरीज गटाने मिळून फळ्यांची एक ढाल गोकस्टाडच्या मापाने करून ठेवावी. ती लढाईत न वापरता लोकांच्या हातात द्यावी. ती किती हलकी आहे हे कळल्यावर मग त्यांना आपल्या प्लायवूडच्या ढालीचे वजन पाहू द्या.

शोधयात्री

जोड्यांचे माप आजच देतो. फळ्यांच्या ढालीचा प्रस्ताव गटाच्या पुढच्या बैठकीत मांडेन. पाइनच्या फळ्या घ्यायच्या झाल्यास मधल्या मुठीच्या पट्टीची जाडी किती ठेवावी, हे कडीजोड यांनी सवडीने लिहावे.